कपाटाची झडती आणि फोनची झडती

२४ जून १९०८ रोजी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी पुण्यात त्यांच्या राहत्या वाड्याची, 'केसरी'च्या कचेरीची आणि सिंहगडावरील बंगल्याची झडती घेतली. या झडतीत हाती लागलेल्या कागदपत्रांत एक साधे कार्ड होते. त्यावर स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे टिळकांच्या हस्ताक्षरात टिपलेली होती. खटला राजद्रोहाचा होता आणि त्याचा विषय 'केसरी'त छापून प्रसिद्ध झालेले लेख हा होता. तरीही सरकार पक्षाने ते कार्ड पुराव्यात दाखल केले. टिळकांचे स्पष्टीकरण असे की, त्याच महिन्यात सरकारने स्फोटक पदार्थांविषयी नवा कायदा केला होता, त्यातील व्याख्येवर टीका लिहावयाची म्हणून आपण पुस्तकांच्या सूचीतून ही नावे उतरून घेतली. संपादकाने करावे असेच ते काम होते. २२ जुलैच्या रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा मतांनी टिळकांना दोषी ठरविले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा फर्मावली. दुसऱ्याच दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती.

शिक्षा लेखांबद्दल झाली, कार्डाबद्दल झाली नाही, हे खरे. तथापि झडतीच्या प्रश्नाचे मर्म त्या कार्डात आहे. घरात सहज पडलेला एखादा कागद सत्तेच्या हाती गेला की त्याचा मूळ संदर्भ गळून पडतो आणि त्याला दुसराच संदर्भ चिकटविता येतो. मग तो आपण का लिहिला हे सांगण्याचा भार लिहिणाऱ्यावर येऊन पडतो. टिळकांना असा एका कार्डाचा खुलासा करावा लागला. आज रत्नागिरीच्या टिळक आळीतून, लोकमान्यांच्या जन्मस्थानावरून, कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात अशी हजारो कार्डे आहेत. त्याने कोणत्या विषयाची माहिती शोधली, कोणाला काय लिहिले, कोणत्या वेळी तो कोठे होता, कोणाला किती पैसे पाठविले, हे सारे त्याच्या फोनमध्ये नोंदलेले असते. तो फोन उद्या एखाद्या अधिकाऱ्याने मागितला तर कोणत्या नियमाने मागावा, त्यातले काय पाहावे आणि काय पाहू नये, या प्रश्नांची पुरेशी स्पष्ट उत्तरे आपल्या कायद्यात अद्याप नाहीत.

झडतीचा खर्च

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, कायद्याचा नाही. म्हणून या प्रश्नाकडे प्रथम त्याच्या शास्त्राच्या दृष्टीने पाहण्याची मुभा वाचकांनी द्यावी. एखाद्या साधनाचा वापर किती होईल हे बव्हंशी त्याच्या किमतीवर अवलंबून असते, आणि सरकारी अधिकार हेही एक साधनच आहे. १८९८ चा फौजदारी प्रक्रिया कायदा झाला तेव्हा, आणि त्याच्या जागी १९७३ चा कायदा आला तेव्हाही, झडती ही खर्चाची बाब होती. फौजदाराला शिपाई घेऊन घरी जावे लागे. पंच मिळवावे लागत. कपाटे उघडून, गठ्ठे बांधून कागद ठाण्यात न्यावे लागत. आणि सर्वांत मोठा खर्च म्हणजे ते सारे कागद कोणीतरी बसून वाचावे लागत. शिवाय कपाटाला भिंती असतात. त्यात मावतील तेवढेच कागद राहतात; बाकीचे रद्दीत जातात किंवा बंबात जळतात. साहजिकच तपास अधिकारी गुन्ह्याशी संबंध दिसेल तेवढेच उचलीत. त्यांचा हा संयम पुष्कळसा श्रमाच्या टंचाईतून आलेला होता, आणि त्या टंचाईचा लाभ नागरिकाला आपोआप मिळत होता.

फोनने ही टंचाई संपविली. एक साधा हिशेब करून पाहावा. देवनागरीच्या एका चिन्हाला संगणकात साधारणपणे तीन बाइट जागा लागते. छापील पानावर दोन हजार चिन्हे धरली तर एका पानाला सहा हजार बाइट झाले. मध्यम किमतीच्या फोनची साठवणूक १२८ गिगाबाइट, म्हणजे १२८ अब्ज बाइट असते. केवळ अक्षरेच साठविली तर या फोनमध्ये दोन कोटींहून अधिक पाने, म्हणजे पाचशे पानांचे सुमारे बेचाळीस हजार ग्रंथ मावतील. अर्थात आपण त्यात छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणेही ठेवतो, त्यामुळे प्रत्यक्षात पाने कमी भरतील. परंतु छायाचित्र हे पानापेक्षा कमी बोलके असते असे थोडेच आहे! एवढा साठा वाचून काढण्याची आता गरजही उरलेली नाही. फोनमधील मजकुराची संपूर्ण नक्कल काढणारी यंत्रे तपास यंत्रणांपाशी आहेत, आणि त्या नकलेत हवा तो शब्द शोधून काढणे हे क्षणाचे काम आहे.

किंमत उतरली की मागणी वाढते, याचे उदाहरण लांब शोधावयास नको. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादेत पोलिसांनी रस्त्यावर दुचाकीस्वारांना थांबवून, गांजाचा माग काढण्यासाठी, त्यांच्या फोनमधील व्हॉट्सॲपची संभाषणे तपासल्याची दृश्ये प्रसिद्ध झाली. संशयाला कोणताही विशिष्ट आधार नसताना रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जाऊन त्याची पत्रे वाचणे कपाटांच्या काळात जगातील कोणत्याही पोलीस खात्याला परवडले नसते. फोनच्या काळात ते एका वळणावर उभे राहून साधते. पूर्वी कपाटाच्या भिंती जे काम करीत होत्या ते आता कायद्याने केले पाहिजे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

कायद्यात काय आहे

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या १८५ व्या कलमात जुन्या कायद्यातील एक शहाणपणाची तरतूद कायम आहे. वॉरंटाशिवाय झडती घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने आपल्या समजुतीची कारणे आधी लिहून ठेवावीत आणि कोणत्या वस्तूसाठी झडती घ्यावयाची आहे ते, शक्य असेल तेथवर, त्या टिपणात नमूद करावे, असे ते कलम सांगते. १०५ व्या कलमाने झडतीचे आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक केले असून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावयाचे आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. ९४ व्या कलमाने मात्र हजर करावयाच्या दस्तऐवजांच्या बरोबरीने डिजिटल पुरावा असण्याचा संभव असलेली दळणवळणाची साधनेही जोडली आहेत. म्हणजे फोन आता कायद्याच्या भाषेत उघडपणे आला. पण तो एक वस्तू म्हणून आला, जशी एखादी फाइल किंवा हिशेबाची वही. 'वस्तू नमूद करा' या नियमाचा अर्थच येथे पातळ होतो. अधिकाऱ्याने 'एक मोबाइल फोन' एवढे लिहिले की नियम पाळला गेला, आणि त्या तीन शब्दांत बेचाळीस हजार ग्रंथ आले.

प्राप्तिकराच्या क्षेत्रात याच्याही पुढचे पाऊल पडले आहे. १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने केलेला आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेला प्राप्तिकर कायदा, २०२५ पाहावा. त्याच्या २४७ व्या कलमात झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला संगणकाचा आणि 'आभासी डिजिटल अवकाशा'चा संकेतशब्द बाजूला सारून आत शिरण्याचा अधिकार दिला आहे. या अवकाशात ईमेल, समाजमाध्यमांवरील खाती, दूरवर साठविलेले दस्तऐवज आणि गुंतवणुकीची ऑनलाइन खाती येतात. करबुडव्यांच्या दोन नंबरच्या वह्या आता कापडात बांधलेल्या नसतात, हे खरे. त्यामुळे असा अधिकार मुळातच नसावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याच्या जोडीने दुसरी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. २०१७ च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकराच्या झडतीमागील कारणे कोणत्याही व्यक्तीला अथवा अपील न्यायाधिकरणालाही उघड करण्याची आवश्यकता नाही, असे स्पष्टीकरण जुन्या कायद्यात घातले होते. अधिकाराची कक्षा रुंदावत जावी आणि कारणे सांगण्याची जबाबदारी आकसत जावी, ही दिशा काही आश्वासक नाही.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याकडून या बाबतीत फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांसाठी होणाऱ्या माहितीच्या वापराला त्याच्या १७ व्या कलमाने बहुतेक बंधनांतून सूट दिली आहे, आणि केंद्र सरकार अधिसूचित करील त्या शासकीय यंत्रणांना तो कायदाच लागू न करण्याची सोयही तेथे आहे. दुकानदाराने आपला फोन क्रमांक दुसऱ्याला विकू नये याची काळजी या कायद्याने घेतली. सरकारने आपला फोन घेतला तर काय, या प्रश्नाला त्याने बगल दिली.

पुराव्याची शुद्धता

फोन किंवा संगणक जप्त होण्यात खासगीपणाच्या भंगाखेरीज आणखी एक धोका आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या एका खटल्याने जगासमोर आणला. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यापाशी झालेली एल्गार परिषद आणि दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावजवळ झालेला हिंसाचार यांच्या तपासात पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी अनेक शहरांत झडत्या घेतल्या आणि संगणक, फोन व साठवणुकीची साधने जप्त केली. ६ जून रोजी पाच जणांना अटक झाली. त्यांत नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, तेथीलच विद्यापीठातील इंग्रजीच्या प्राध्यापिका शोमा सेन आणि दिल्लीचे रोना विल्सन हे होते. संगणकांत सापडली म्हणून सांगण्यात आलेली पत्रे हा आरोपांचा एक प्रमुख आधार होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'आर्सेनल कन्सल्टिंग' या अमेरिकन तज्ज्ञ संस्थेने, बचाव पक्षाच्या विनंतीवरून केलेल्या तपासणीनंतर, असा निष्कर्ष जाहीर केला की, विल्सन यांच्या संगणकात कोणी तिऱ्हाइताने सुमारे बावीस महिने छुपा प्रवेश मिळविला होता आणि त्यातील पत्रे बाहेरून घुसविलेली होती. राष्ट्रीय तपास संस्थेने हा निष्कर्ष अमान्य केला. या वादाचा निर्णय न्यायालयाने पुराव्यावरून करावयाचा आहे. वृत्तपत्रातील लेखाने तो करू नये.

परंतु आरोपी दोषी असोत वा निर्दोष, त्या वादातून एक गोष्ट सर्वांनी शिकण्यासारखी आहे. कागदावर कोणी मागाहून ओळ घातली तर शाई, अक्षर, दाब यांवरून ती पुष्कळदा ओळखू येते. संगणकातील मजकुरात बदल करणाऱ्याचे अक्षर उमटत नाही. म्हणूनच तज्ज्ञांनी 'हॅश मूल्य' नावाची युक्ती काढली आहे. फोनमधील सर्व मजकुरावर ठरावीक गणिती क्रिया करून एक छोटी संख्या काढतात. प्रचलित पद्धतींपैकी एकीत ती चौसष्ट चिन्हांची असते. मूळ मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ही संख्या पार बदलते. सीलबंद पाकिटावरील लाखेचे जे काम, ते या संख्येचे काम. जप्तीच्या क्षणी ती काढून पंचनाम्यात लिहिली आणि तिची प्रत मालकाला दिली, तर पुढे मुद्देमालात कोणी ढवळाढवळ केली की नाही हे शाळकरी मुलालाही पडताळून पाहता येईल. भीमा कोरेगाव खटल्यात ही संख्या जप्तीच्या जागीच आपल्याला दिली गेली नाही, असा बचाव पक्षाचा आक्षेप आहे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालील प्रमाणपत्रात हॅश मूल्य नमूद करण्याची सोय आता झाली. पण ते प्रमाणपत्र पुरावा न्यायालयात सादर करतेवेळचे आहे. जप्तीपासून तेथपर्यंत जो काळ जातो त्याचा पहारा त्याने होत नाही. लाख लावावयाची ती पाकीट हाती घेताना. ते न्यायालयात उघडताना लावून काय उपयोग?

न्यायालयांचे मत

या सर्व प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावणाऱ्यांत शिक्षक अग्रभागी होते, हे या पानाच्या वाचकांना समाधान देणारे वाटेल. २०२१ मध्ये राम रामस्वामी, सुजाता पटेल, माधव प्रसाद, मुकुल केशवन आणि दीपक मळघण या पाच अध्यापक-संशोधकांनी याचिका केली. पटेल यांनी पुण्याच्या विद्यापीठातही अध्यापन केले आहे, आणि मळघण हे अर्थशास्त्राच्या क्षेत्रातले आहेत. संशोधकाच्या संगणकात त्याचे आयुष्यभराचे काम असते. तो जप्त करताना कोणते नियम पाळावेत हे ठरवून द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. पुढे वृत्तपत्र व्यवसायातील मंडळींच्या संघटनेनेही अशीच याचिका दाखल केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि सुधांशु धुलिया यांच्या पीठाने, अशा जप्तीला मार्गदर्शक नियम असलेच पाहिजेत, असे बजावले. डिसेंबरात केंद्र सरकारने सांगितले की, नियम तयार होईपर्यंत केंद्रीय यंत्रणा निदान केंद्रीय अन्वेषण विभागाच्या २०२० च्या नियमपुस्तिकेनुसार वागतील. ते आश्वासन केंद्रीय यंत्रणांपुरते होते. सामान्य माणसाचा संबंध ज्या पोलीस ठाण्याशी येतो ते राज्याच्या अखत्यारीतले आहे, आणि त्याला हे आश्वासन बांधत नाही.

संकेतशब्द सांगण्याची सक्ती करता येते का, याविषयीही एकवाक्यता नाही. घटनेच्या २० व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडानुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचा नमुना घेणे ही अशी सक्ती नव्हे, असे ठरविले. २०१० मध्ये सेल्वी खटल्यात त्याच न्यायालयाने आरोपीच्या मनातील माहिती गुंगीच्या औषधाने वा यंत्राने, त्याच्या संमतीवाचून, काढून घेण्यास मनाई केली. आता संकेतशब्द हा ठशासारखा मानावा की मनातील माहितीसारखा? २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो सांगण्याने आत्मसाक्ष होत नाही असे म्हटले, मात्र फोनच्या तपासणीसाठी वॉरंट घेण्यासारखी बंधनेही सुचविली. २०२२ मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने याच्या उलट मत दिले. एकाच देशातील नागरिकाचा मूलभूत अधिकार तो कोणत्या शहरात उभा आहे यावर अवलंबून राहावा, हे फार काळ चालू देण्यासारखे नाही.

याहून मूलगामी अडचण १९७३ मधील आहे. त्या वर्षी पूरनमल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, झडती बेकायदा असली तरी तीत सापडलेला पुरावा केवळ त्या कारणाने त्याज्य ठरत नाही. तेव्हाच्या परिस्थितीत या निर्णयाचे समर्थन कसे झाले हे बाजूला ठेवू. अर्थशास्त्राच्या भाषेत त्याचा परिणाम मात्र सरळ आहे: झडतीचे नियम मोडण्याची किंमत शून्य झाली. कपाटांच्या काळात झडतीचा स्वतःचाच खर्च मोठा असल्याने ही उणीव फारशी जाणवली नाही. आज झडती स्वस्त आणि नियमभंगही स्वस्त, अशी दुहेरी सवलत सत्तेला मिळालेली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. त्यावर घाला घालणाऱ्या कृतीला कायद्याचा आधार हवा, हेतू उचित हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, हेही त्या निर्णयातून स्पष्ट झाले. ही प्रमाणबद्धतेची कसोटी पोलीस ठाण्याच्या टेबलापर्यंत मात्र उतरलेली नाही.

इतर देशांनी याबाबतीत काही अनुभव घेतलेला आहे. इंग्लंडात जॉन एन्टिक या लेखकाच्या घरातून सरकारी माणसांनी मोघम हुकमावर सारे कागद उचलून नेले, त्या प्रकरणात १७६५ मध्ये लॉर्ड कॅम्डन यांनी, माणसाचे कागद ही त्याची सर्वांत जिव्हाळ्याची मालमत्ता असते असे सांगून, तसल्या हुकमाला कायद्यात आधार नसल्याचा निर्णय दिला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रायली खटल्यात, अटक केलेल्या माणसाच्या खिशातला असला तरी त्याचा फोन पोलिसांना सर्वसाधारणतः वॉरंटाशिवाय तपासता येणार नाही, असे एकमताने ठरविले. त्यानंतर अमेरिकेतील पोलिसांचे काम काही ठप्प झालेले नाही.

'लपविण्यासारखे काय आहे?'

या विवेचनावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. ज्याने गुन्हा केला नाही त्याला लपविण्यासारखे काय आहे? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. शिक्षकाच्या फोनमध्ये त्याच्या विद्यार्थ्यांची माहिती असते. घरची अडचण सांगून फी भरण्यास मुदत मागणाऱ्या मुलीचा निरोप त्यात असतो. कारकुनाच्या फोनमध्ये कचेरीतील सहकाऱ्यांचे बोलणे असते, आंबा बागायतदाराच्या फोनमध्ये दलालांचे आणि देण्याघेण्याचे हिशेब असतात, डॉक्टरच्या फोनमध्ये रुग्णांचे अहवाल असतात. फोन एकाचा जप्त होतो आणि उघडे शेकडो पडतात. त्यांच्याविषयी कोणाला संशयही नसतो, आणि आपण उघडे पडलो हे त्यांना कळतही नाही. शिवाय फोनवाचून बँक नाही, पगाराचा निरोप नाही, परीक्षेचे प्रवेशपत्र नाही. मुद्देमालाच्या खोलीत वर्ष-दोन वर्षे पडून राहिलेला फोन ही खटल्याआधीच भोगावी लागणारी शिक्षा होय.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजचे गुन्हेच फोनवरून होतात. पोलिसांचे हात बांधले तर गरीब निवृत्तिवेतनधारकाला लुबाडणारे सुटतील, असे म्हटले जाते. फोन तपासल्यावाचून असले गुन्हे उघडकीस येणार नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि याच गुन्ह्यांपैकी सर्वांत भयंकर प्रकार पाहावा. पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याची बतावणी करून, चित्रफोनवर तासन्‌तास बसवून ठेवून, 'डिजिटल अटके'ची भीती घालून आयुष्यभराची पुंजी काढून घेण्याचा हा प्रकार आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांना 'मन की बात'मधून सांगावे लागले की, अशी अटक कायद्यात कोठेच नाही. सुशिक्षित माणसे, निवृत्त शिक्षक आणि अधिकारीसुद्धा, या सापळ्यात का सापडतात? खरा अधिकारी काय मागू शकतो आणि काय मागू शकत नाही, हे त्यांना ठाऊक नसते. वर्दी दिसली की फोन पुढे करावयाचा आणि विचारील ते सांगावयाचे, अशीच सवय आपण समाजाला लावलेली आहे. झडतीचे नियम स्पष्ट असले आणि घरोघर माहीत असले तर भामट्याचे सोंग पहिल्याच प्रश्नाला उघडे पडेल. नागरिकाचे अधिकार आणि गुन्ह्यांचा बंदोबस्त यांत आपण समजतो तेवढा विरोध नाही.

काय व्हावे

मग करावे काय? प्रथम राज्याने करावयाचे. पोलीस हा घटनेनुसार राज्याचा विषय आहे आणि फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतील. तेव्हा दिल्लीतील नियमांची वाट पाहत बसण्याचे महाराष्ट्राला कारण नाही. गृह खात्याने पुढील गोष्टी आजही बंधनकारक कराव्यात. निकडीचे प्रसंग सोडून फोनची तपासणी दंडाधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने व्हावी. त्या आदेशात कोणत्या काळातील, कोणाशी झालेला आणि कोणत्या प्रकारचा मजकूर हवा ते नमूद असावे. जप्तीच्या जागीच हॅश मूल्य काढून पंचनाम्यात लिहावे व त्याची प्रत मालकाला द्यावी. शक्य तेथे नक्कल घेऊन मूळ फोन ठरावीक दिवसांत परत करावा. गुन्ह्याशी संबंध नसलेला मजकूर नष्ट करावा. वकील, डॉक्टर, वार्ताहर आणि संशोधक यांच्या साधनांसाठी वेगळी दक्षता घ्यावी. आणि या नियमांचा भंग करून मिळविलेला पुरावा स्वीकारला जाऊ नये, अशी दुरुस्ती संसदेने साक्ष्य अधिनियमात करावी. नियमभंगाला काहीतरी किंमत असल्यावाचून बाकीचे नियम कागदावरच राहतील.

नागरिकानेही आपल्यापुरते काही करावयाचे आहे. अधिकाऱ्याने फोन मागितला तर सभ्यपणे, पण स्पष्टपणे, लेखी नोटीस किंवा आदेश पाहावयास मागावा. पंचनाम्यात फोनचा ओळख क्रमांक, जप्तीची वेळ आणि हॅश मूल्य लिहिले आहे का ते वाचूनच सही करावी, आणि प्रत मागून घ्यावी. संकेतशब्दाचा प्रश्न आला तर वकिलाशी बोलण्याची संधी मागावी. फोनला केवळ बोटाच्या ठशाचे कुलूप न ठेवता आकड्यांचे लांब कुलूप ठेवावे. त्यामागील कारण काठी कालू ओघड आणि सेल्वी या खटल्यांच्या संदर्भात वर आलेच आहे. महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत स्वतंत्र ठिकाणी राखावी. विद्यार्थ्यांची, रुग्णांची, ग्राहकांची जी माहिती आता लागत नाही ती वेळोवेळी काढून टाकावी. जे जवळ नाही ते कोणी जप्त करू शकत नाही. मात्र चौकशी सुरू झाल्यावर किंवा नोटीस मिळाल्यावर एक अक्षरही पुसू नये. पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र अपराध आहे, आणि तो निरपराध माणसालाही अपराधी करून ठेवतो.

आपल्या शिक्षक संघटना वेतनश्रेणीसाठी आणि कर्मचारी संघटना महागाई भत्त्यासाठी निवेदने देतात, ते योग्यच आहे. त्याच निवेदनात फोनच्या जप्तीसंबंधी नियमांची मागणी करणारे चार ओळींचे एक कलम घालण्यास काही खर्च येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या संघटनेने याचा प्रारंभ केला तर ते या गावाच्या लौकिकाला साजेल. एका कार्डाचा खुलासा करण्यासाठी लोकमान्यांना भर न्यायालयात बोलावे लागले, आणि ते बोलू शकले. आपल्या फोनमधील लक्षावधी कार्डांचा खुलासा करण्याची पाळी आली तर तेवढी वाणी आणि तेवढे धैर्य आपल्यापैकी किती जणांपाशी असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.